धनराजचा निर्वाळा

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. इरुकटोल्याच्या समाजमंदिरात ग्रामसभा बसली होती आणि सभेपुढे एकच विषय होता. रंजीताला एक लाख बत्तीस हजारांचा लॅपटॉप घेऊन द्यायचा की नाही?

धनराज उसेंडी भिंतीला टेकून, मांडीवर वही घेऊन बसला होता. तो ग्रामसभेचा सचिव. धानोरा तालुक्यातल्या या साठ घरांच्या गावाला जंगलाचा हक्क मिळाला, त्या दिवसापासूनचा एकूण एक ठराव त्याच्या हातचा होता. अक्षर असं, की बाहेरून आलेला माणूस वही उघडून आधी अक्षराची तारीफ करायचा, मग मजकूर वाचायचा.

पण ही तीन वर्षांपूर्वीपर्यंतची गोष्ट. अलीकडे कोणी वही उघडतच नव्हतं. माणसं जीपमधून उतरता उतरता विचारायची, "रंजीता मॅडम आहेत का?"

या रंजीताला बाराखडी धनराजनेच शिकवली होती. तेव्हा तो गावातल्या सहा-सात पोरांना आपल्या अंगणात बसवून शिकवायचा, त्यातली ती एक. पुढे ती गडचिरोलीला शिकली, नागपूरला सहा महिने राहून कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकली आणि नोकरी न शोधता गावात परत आली. पहिलं वर्षभर धनराज येईल त्याला सांगायचा, "माह्या अंगनात शिकली हे." मग एकदा पाहुणे आले असताना समाजमंदिरातली एकुलती धड खुर्ची कोणीतरी उचलून रंजीतासाठी ठेवली. ती बसली नाही, सतरंजीवरच बसली. खुर्ची रिकामी राहिली. पण ती आपल्यासाठी ठेवली नव्हती, हे धनराजच्या मनातून गेलं नाही. त्यानंतर "माह्या अंगनात शिकली" हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

आज रंजीता उभी राहून सांगत होती. गावाच्या दक्षिणेला बांबूची डोंगरी आहे. शेजारचं गोटाटोला म्हणतं डोंगरी आमची, इरुकटोला म्हणतं आमची. दिवाळीनंतर बांबूची तोड सुरू व्हायच्या आधी दोन्ही गावांनी एकत्र बसून निकाल लावायचा ठरला होता. एका संस्थेने मे महिन्यात जंगलावर ड्रोन फिरवून तीन हजार फोटो काढून दिले होते.

"हे सारे फोटो जोडून एक नकाशा कराचा हाय," रंजीता म्हणाली. "साधा लॅपटॉप एवढं ओझं उचलत नाई, बंद पडते. हा घेतला तं डोंगरीवरचा एकेक नाला दिसन. आनं पुढच्या साली आजूबाजूच्या गावाचे नकाशे आपनच करून देऊ."

"एवढ्या पैशात बैलाच्या दोन जोड्या येतेत," म्हातारी बुधरीबाई म्हणाली. "बैल काम करून राह्यला का बसून राह्यला, ते मले दिसते तरी. या डब्ब्याचं मले काय समजन?"

माणसं हसली. पण पैसा तेंदूपत्त्याचा होता, उन्हात पानं तोडून मिळालेला, त्यामुळे हसून विषय संपला नाही. अध्यक्ष कोलूभाऊ बराच वेळ ऐकत राहिले, मग धनराजकडे वळले.

"धनराज, तू चंद्रपूरले जा. दुकानात बस, हात लावून पाह, विचार. हा लॅपटॉप तेवढ्या पैशाचा हाय का नाई, ते तू येऊन सांग. तू सांगशील तसं करू."

धनराजला वाटलं, रंजीता नाराज होईल. ती तर खूश झाली.

"दादा जाऊन राह्यले तं मले काई टेन्शनच नाई," ती म्हणाली. सभा संपल्यावर तिने त्याच्या हातात एक चिठ्ठी आणि पेन ड्राइव्ह दिला. "याच्यात दोनशे फोटो टाकले हावेत. दुकानात स्वस्तवाल्या लॅपटॉपवर लावून पाहा आनं महागवाल्यावरही लावून पाहा. तुमाले आपोआप दिसन."

तिचा इतका विश्वास होता, हेसुद्धा धनराजला खटकलं. आपण तिच्या वाईटावर असू शकतो, असं तिच्या मनात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गडचिरोलीपर्यंत गाडीने आणि पुढे मूलमार्गे एसटीने चंद्रपूरला पोचला. दुकान रिना नावाची एक बाई चालवत होती. चिठ्ठी वाचून ती म्हणाली, "या रंजीता मॅडम म्हणजे मागच्या आठवड्यात फोनवर बोलल्या त्याच ना? किती नेमकं विचारतात हो! आमच्याकडे येणाऱ्या इंजिनिअर लोकांनाही एवढं माहीत नसतं."

धनराजने पेन ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला.

रिनाने दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, एक चाळीस हजारांचा आणि एक रंजीताने सांगितलेला. दोन्हींवर तिने तेच दोनशे फोटो लावले आणि चहा मागवला. चहा संपायच्या आत महागड्या लॅपटॉपवर फोटो एकाला एक जुळत जाऊन सबंध नकाशा उभा राहिला. चाळीस हजारांच्या लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत होतं. अर्ध्या तासाने तो आपोआप बंद पडला.

"पाहिलंत?" रिना म्हणाली. "पत्रं लिहायला, हिशोबाला हा चाळीसचा उत्तम आहे. मी उगाच महाग गळ्यात मारणार नाही. पण तुमचं काम यावर होणार नाही."

धनराज महागड्या लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहिला. वरून दिसणारं आपलं गाव. कौलांचे ठिपके, तळं, त्याची स्वतःची धानाची बांधी, बांधावरचं मोहाचं झाड. पंचेचाळीस वर्षं तो त्या मातीत फिरला होता, पण ती अशी कधी पाहिली नव्हती. रंजीताने पाहिली होती. तिने हे कितीतरी वेळा, एकटीने बसून पाहिलं असणार.

"मले यावर माहं नाव लिहून पाहाचं हाय," तो एकदम म्हणाला.

रिनाने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला आणि मराठी लावून दिलं. धनराज एका बोटाने अक्षरं शोधू लागला. ध सापडेना. सापडला तर न दोनदा उमटला. मागे एक कॉलेजातली पोरगी कीबोर्ड विकत घ्यायला उभी होती. ती हसली नाही, घाईही केली नाही, फक्त थांबून राहिली, लहान पोराचं काम संपेपर्यंत मोठी माणसं थांबतात तशी. धनराजने नाव अर्धंच सोडलं आणि उठला.

रिनाने दोन्हींच्या किमतीचे कागद काढून दिले. त्याने चाळीस हजारांचा खिशात घातला. दुसरा काउंटरवरच राहिला.

तरी, गावात खोटं सांगायचं असं त्याने तेव्हा ठरवलं नव्हतं. गडचिरोली येईपर्यंत तो मनात खरंच जुळवत होता. सांगावं, की महाग आहे पण घ्यावा लागेल. सभेने आपल्या शब्दावर लॅपटॉप घेतला, एवढं तरी आपलं राहील. पण संध्याकाळी गावात शिरताना कोलूभाऊ वाटेत भेटले आणि म्हणाले, "काय धनराज, झालं का मॅडमचं काम?"

कोलूभाऊसुद्धा! त्याच्या बापाच्या वयाचा माणूस, रंजीताला लहानपणी खांद्यावर घेऊन बाजार दाखवणारा, तोही तिला मॅडम म्हणत होता. आणि काम गावाचं नव्हतं, मॅडमचं होतं. त्याला गावाने पाठवलं नव्हतं, मॅडमच्या कामाला पाठवलं होतं.

सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "चाळीस हजारवालं बी तेच काम करते. जास्तीचे पैसे कंपनीच्या नावाचे हावेत."

रंजीताने चमकून वर पाहिलं. "दादा, पेन ड्राइव्ह लावून पाह्यला का?"

"पाह्यला."

"आनं झाला नकाशा?"

"झाला. थोडा टाइम लागला. पन झाला."

"मंग मी जास्तच सांगतलं असन," ती हळू आवाजात म्हणाली आणि खाली बसली. चाळीस हजारांचा ठराव पास झाला. धनराजने तो आपल्या वळणदार अक्षरात वहीत उतरवला.

लॅपटॉप आला. रंजीताने समाजमंदिराच्या मागच्या खोलीत काम मांडलं. पहिल्या आठवड्यात लॅपटॉप नऊ वेळा बंद पडला. मग तिने फोटोंचे लहान लहान गठ्ठे केले, तर प्रत्येक गठ्ठ्याला अख्खा दिवस जाई, आणि गठ्ठे एकमेकांना जुळत नसत. ओढा एका तुकड्यात एकीकडे जाई, शेजारच्या तुकड्यात भलतीकडूनच येई. शेतावर धान कापणीला आला, सगळं गाव बांधीत उतरलं, ती मात्र खोलीतच होती.

धनराज येता-जाता त्या दारातून डोकावायचा. चक्र फिरताना दिसलं की त्याला आत कुठेतरी गार वाटायचं. गावात कुजबुज सुरू झाली होती. एवढं शिकून आली, एवढा पैसा घेतला, दोन महिने झाले, कुठी हाय नकाशा? धनराज त्या बोलण्यात भर घालत नसे, पण तिथून उठतही नसे.

"तुमी आजकाल लय खूश दिसता," एकदा दुपारी भारे बांधता बांधता त्याची बायको सुकरी म्हणाली.

"धान चांगलं पिकलं."

"धान मागच्या सालीही चांगलं पिकलं होतं." तिने भाऱ्याची गाठ आवळली. "त्या पोरीचं नाव निघालं का तुमचं तोंड बदलते. मले दिसते."

धनराज तिच्यावर ओरडला. बांधीतल्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी दोन्ही गावं डोंगरीच्या पायथ्याशी बसली. गोटाटोल्याकडून लालसू नावाचे जुने-जाणते गृहस्थ बोलणार होते. इरुकटोल्याकडून रंजीता. तिने मोठ्या कागदावर छापून आणलेला नकाशा अंथरला. गाव होतं, तळं होतं, उत्तरेचं जंगल होतं. दक्षिणेला, जिथे डोंगरी असायला हवी होती, तिथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले आणि मधोमध पांढरी जागा.

"बेटा, डोंगरी कुठी हाय?" लालसूंनी विचारलं.

"तेवढीच नाई झाली, बाबा."

गोटाटोल्याची माणसं हसली. लालसू स्वतः हसले नाहीत, पण म्हणाले, "जिच्यासाठी बसलो तेच नाई, मंग कायले बसलो?" रंजीताने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मशीन, वजन, मेमरी. मग बोलणं अर्ध्यावर सोडून ती कागदाच्या कडा नीट करत बसली. कोलूभाऊंनी मुदत मागितली. लालसू म्हणाले, पुढे बसू, पण तोड थांबणार नाही. यंदाचा बांबू गोटाटोला तोडेल. हातात काही नसताना 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणायचं? इरुकटोल्याची माणसं मुकाट्याने घरी आली.

धनराजला वाटलं होतं, तिची अशी फजिती पाहून आपल्याला बरं वाटेल. कागदाच्या कडेवरून फिरणारी तिची बोटं मात्र त्याला दिवसभर दिसत राहिली. बांबू साऱ्या गावाचा गेला होता, त्याच्याही घरचा.

तीन दिवसांनी सकाळी रंजीता त्याच्या अंगणात आली. लॅपटॉपची पिशवी तिच्या खांद्यावर होती.

"दादा, हे ग्रामसभेले वापस देते. गडचिरोलीत एका ऑफिसात मले काम भेटून राह्यलं. मी जाते म्हून वहीत लिहून टाका."

"काऊन?" धनराजच्या तोंडून निघालं.

"माह्याच्यानं नाई झालं." ती खाली पाहून बोलत होती. "तुमी दुकानात लावून पाह्यलं तं तिथी झालं. तोच लॅपटॉप, तेच फोटो. मंग माहंच चुकून राह्यलं ना? मी साऱ्या सेटिंग तपासल्या. नागपूरच्या सरांना विचारलं. ते म्हनत होते, यावर होऊच शकत नाई. मी त्यांनाच सांगतलं का नाई सर, आमच्या दादानं डोळ्यानं पाह्यलं हाय."

धनराजने वही उघडली होती. पेनचं टोपण काढलं होतं. अंगणात कोंबड्या सांडलेलं धान टिपत होत्या. सुकरी दारात येऊन उभी राहिली होती आणि आत जात नव्हती.

"नाई झालं तिथी," तो म्हणाला.

"काय?"

"तिथी बी बंदच पडला होता. मोठ्यावाल्यानं चहा होईतो करून दिलं. त्या दुकानवाल्या बाईनं मले साफ सांगतलं होतं का यावर होनार नाई. मी येऊन खोटं सांगतलं."

रंजीता रडेल, ओरडेल असं त्याला वाटलं. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मले वाटून राह्यलं होतं का मले काईच येत नाई."

"रंजीता..."

"मले नका सांगू. सभेत सांगा." आणि ती गेली. लॅपटॉप घेऊनच गेली.

त्या रविवारी सभा भरली. धनराजने आधी आपल्याच अक्षरातला तो ठराव वाचून दाखवला आणि मग म्हणाला, की हे मी लिहिलं ते खोट्यावर लिहिलं. चंद्रपुरात काय घडलं ते त्याने सगळं सांगितलं. काउंटरवर सोडलेल्या कागदाचंही सांगितलं. कोणी मध्ये बोललं नाही, म्हणून त्याला शेवटपर्यंत सांगावंच लागलं.

"पन काऊन?" बुधरीबाईने विचारलं. "ते पोरगी तुहं काय खाऊन राह्यली होती?"

याचं उत्तर त्याने वाटेने येताना तयार केलं होतं. गावाचा पैसा वाचवायचा होता, असं काहीतरी. ते त्याला म्हणता आलं नाही.

"मले तिचं पाहवलं नाई," तो म्हणाला. "सारे तिलेच विचारतेत. मले कोनी विचारत नाई."

मागे कोणीतरी जोरात शिवी दिली. इसरू, ज्याचं घर फक्त बांबूच्या तोडीवर चालायचं, उठून अंगावर आला. त्याला दोघांनी धरलं. "आमच्या पोटावर मारलं तुमी!" तो ओरडला. "तुमची इज्जत, तुमचं अक्षर! आमी काय खाचं?" धनराज मान खाली घालून उभा राहिला. इसरू म्हणत होता त्यात एक शब्द खोटा नव्हता.

सभा दुपारपर्यंत चालली. धनराजने सचिवपण सोडावं आणि वही इसरूने घ्यावी, असं ठरलं. इसरूला लिहिता येत होतं, फक्त अक्षर किरटं होतं. मग बुधरीबाईनेच लॅपटॉपचा विषय काढला. "एकदा बैलाची किंमत वाचवाले गेलो आनं डोंगरी घालवली. मोठ्यावालं घेऊन टाका. पन ते पोरगी राह्यते का, ते तं विचारा."

रंजीता कोपऱ्यात बसली होती. "लॅपटॉप आला तं नकाशा करीन," ती म्हणाली. "मंगचं मंग पाहू." ती धनराजकडे पाहत नव्हती.

या वेळी चंद्रपूरला ती स्वतः इसरूबरोबर गेली. लॅपटॉप आला आणि तीन हजार फोटोंचा नकाशा पाच दिवसांत उभा राहिला. चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर इसरू ठराव टाइप करायला शिकू लागला. धनराज त्या खोलीकडे फिरकला नाही. समोरून रंजीता आली तर तोच वाट सोडून बाजूला होई. एकदा विहिरीवर दोघं समोरासमोर आली, तेव्हा तिने फक्त "दोर सोडा" म्हटलं. त्याने दोर सोडला.

जानेवारीत दोन्ही गावं पुन्हा बसली. नकाशात डोंगरी स्पष्ट होती. गंमत म्हणजे, त्यात दिसलं ते कोणाच्याच मनासारखं नव्हतं. जुनी हद्द ज्या नाल्याने जाते असं दोन्ही गावं मानत आली होती, तो नाला डोंगरीच्या बरोबर मधून उतरत होता. लालसूंनी बोटाने तो वरपासून खालपर्यंत दोनदा तपासला. अलीकडचा उतार इरुकटोल्याचा, पलीकडचा गोटाटोल्याचा, असं ठरलं. गोटाटोल्याने तोडलेला यंदाचा बांबू परत मिळाला नाही, कोणी मागितलाही नाही. उठताना लालसू रंजीताला म्हणाले, "बेटा, पुढच्या सालात आमचाही करून दे." भोवती माणसं जमली. कोणी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कोणी लॅपटॉपची पिशवी उचलून घेतली.

धनराज मागे उभा होता. छातीत तेच जळणं सुरू झालं, अगदी तसंच. त्याला नवल वाटलं. सगळ्यांपुढे कबूल केलं, वही गेली, गावाने तोंडावर शिव्या दिल्या, तरी हे गेलं नव्हतं.

परतीच्या पायवाटेवर सुकरी त्याच्या बरोबरीने चालत होती. बाकीची माणसं पुढे निघून गेली होती, त्यांच्या बोलण्याचा आवाज झाडीतून येत होता.

"अजूनही जळते का?" तिने विचारलं.

"जळते."

"मंग?"

वाटेत आडवी आलेली फांदी धनराजने हाताने वर धरली, सुकरी खालून वाकून गेली.

"मंग काय, जळू दे," तो म्हणाला. "पन आता कोनी विचारलं तं खरं सांगीन."

"कोनी विचारत नाई आता तुमाले," सुकरी म्हणाली.

"नाई विचारत," धनराज म्हणाला आणि चालत राहिला.